मिटल्या डोळ्यांचे नवरंग

आमच्या पडेगावात उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची पद्धत होती. छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होते आणि पडेगाव म्हणजे छावणी ओलांडल्यावर वेरूळच्या रस्त्याला लागणारे शहराबाहेरचे गाव. सकाळी अंथरुणे गोळा करताना रात्रीच्या स्वप्नांचा हिशेब व्हायचा. कोणाला पाण्याने भरलेली विहीर दिसलेली असे, कोणाला परीक्षेचा कोरा पेपर. मनी वसे ते स्वप्नी दिसे, एवढे म्हणून मोठी माणसे विषय संपवत आणि चहाला लागत.

एका वर्षी मात्र आजीने सगळ्यांना गप्प केले. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्या काळी ऑपरेशननंतर कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजी सांगू लागली की तिला पट्टीच्या आत रांगोळ्या दिसतात, हिरव्या, जांभळ्या, शेंदरी. झोपेत नव्हे, चांगली जागी असताना. घरात कुजबुज सुरू झाली. म्हातारीला भ्रम झाला की काय, अशी शंका एकाने काढली. त्यावर वडील हसून एवढेच म्हणाले की आईचा ‘नवरंग’ सुरू झाला आहे. आम्हा मुलांना त्याचा अर्थ कळला नाही. तो कळला पुष्कळ वर्षांनी, व्ही. शांताराम या माणसाचे चरित्र वाचताना. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला जे दिसते, त्याचा एक अख्खा चित्रपट या गृहस्थाने करून दाखवला होता.

सिनेमाला आपण स्वप्नांचा कारखाना म्हणतो ते ढोबळ अर्थाने. प्रत्यक्षात स्वप्न पाहण्याचा अनुभव पडद्यावर उतरवणे ही फार अवघड गोष्ट आहे आणि ती ज्यांनी जीव ओतून केली, त्यांत शांतारामबापूंचे नाव वरच्या ओळीत येते. त्यांच्या ८८ वर्षांच्या आयुष्याकडे या एका खिडकीतून पाहिले, तर निराळेच चित्र दिसते.

कोल्हापूरचा मुलगा

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, कोल्हापूरचा. वडील जैन, आई हिंदू. घरची परिस्थिती बेताची आणि शाळेपेक्षा नाटकाचा नाद मोठा. पोरवयातच ते गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. तिथे लहानसहान कामे केली, पण नटाला लागणारे नाव काही झाले नाही. पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी मिळाली. दिवसा लोखंडाशी झटापट आणि संध्याकाळी तिथल्या एका साध्यासुध्या सिनेमागृहात पडेल ते काम, असे दिवस गेले. दारावर उभे राहायचे, लोकांना बसवायचे आणि अंधार झाला की मागे उभे राहून पडद्याकडे पाहायचे. दादासाहेब फाळके यांचे मूकपट त्यांनी याच काळात पाहिले.

फाळक्यांचा उल्लेख इथे केवळ प्रथा म्हणून केलेला नाही. पडद्यावर मनातले दाखवता येते, हे आपल्याकडे पहिल्यांदा त्यांनीच सिद्ध केले. त्यांच्या १९१८ सालच्या ‘श्रीकृष्णजन्म’ या मूकपटात कंसाला भास होतात. चहूकडे त्याला कृष्णच दिसू लागतो आणि त्याचे स्वतःचे मुंडके धडावेगळे होऊन वर तरंगते. पडद्यावरची ही गंमत कॅमेऱ्याच्या करामतीची होती. एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करायचे, काही भाग काळा झाकून ठेवायचा. पण प्रेक्षकांना करामत दिसली नाही, त्यांना कंसाची भीती दिसली. दुसऱ्याच्या मनातले दुःस्वप्न हजार माणसे एकाच वेळी जागेपणी पाहू शकतात, ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट असेल!

१९२० साली मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने शांताराम कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. कंपनीचे मालक बाबूराव पेंटर म्हणजे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार करणारा कलावंत. या गुरूच्या हाताखाली शांतारामांनी झाडलोटीपासून सगळी कामे केली. रंग कालवले, सेट उभे केले, फिल्म धुतली. ‘सुरेखाहरण’मध्ये ते कृष्ण झाले आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जापायी गाव सोडून शहरात जाणारा तरुण शेतकरी झाले. १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शनही त्यांच्याकडे आले. बाबूराव पेंटरांकडून त्यांनी एक गोष्ट कायमची उचलली. चित्र आधी मनात पूर्ण दिसले पाहिजे, कॅमेरा त्यानंतर.

डोळ्याचा ध्यास

१ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह शांतारामांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. तुतारी फुंकणाऱ्या त्या आकृतीचे बोधचिन्ह मराठी घराघरात ओळखीचे झाले. १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट याच कंपनीचा.

त्यानंतरची गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचे धाडस केले. रंगाची प्रक्रिया भारतात होण्यासारखी नव्हती, म्हणून शांताराम फिल्म घेऊन जर्मनीला गेले. परिणाम मात्र निराशेचा झाला. पडद्यावर रंग उमटले, पण मनात जे होते ते उमटले नाहीत. रंगाची ही हौस मग जवळजवळ वीस-बावीस वर्षे दाबून ठेवावी लागली. जर्मनीची फेरी अगदीच वाया गेली असे मात्र नाही. तिथे त्यांनी जर्मन चित्रपटांतली प्रकाश आणि सावली पाहिली, कॅमेऱ्याच्या तिरक्या कोनांचा उपयोग पाहिला. माणसाच्या मनातला गोंधळ चेहऱ्यावर न दाखवता भिंतीवरच्या सावलीत दाखवता येतो, हे त्या चित्रपटांचे शिक्षण होते.

त्याचा प्रत्यय लगेच आला. कंपनी पुण्याला हलल्यावर १९३४ साली ‘अमृतमंथन’ निघाला. बळी देण्याची प्रथा बंद करणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू हे त्यातले मुख्य पात्र. मराठीत ती भूमिका केशवराव दाते यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. या राजगुरूचा एकच डोळा सगळा पडदा व्यापून टाकतो, ते दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. त्यासाठी दूरचे जवळ आणणारे भिंग वापरले होते. एवढ्या जवळून दुसऱ्याचा डोळा आपण कधी पाहतो? जागेपणी तर नाहीच. भीतीच्या स्वप्नात मात्र असेच होते. बाकीचे सगळे नाहीसे होते आणि एकच वस्तू भलतीच मोठी होऊन अंगावर येते.

‘कुंकू’ (१९३७) मध्ये तर त्यांनी स्वप्न न दाखवता स्वप्नाची भाषा वापरली. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा आणि तिचा घरातला मूक संप, ही त्याची कथा. शांता आपटे आणि केशवराव दाते या दोघांनी ती गाजवली. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. आवाज आहेत ते घरातले आणि रस्त्यावरचे. त्या वाड्यातले भिंतीवरचे घड्याळ आणि आरसा यांनासुद्धा भूमिका आहेत. रोजची वस्तू अचानक आपल्याविषयी काहीतरी सांगू लागते, हा अनुभव आपल्याला झोपेत येतो. शांतारामबापूंनी तो भर दुपारी पुण्यातल्या वाड्यात आणून बसवला.

पुढची वर्षे महाराष्ट्राला पाठ आहेत. ‘माणूस’, ‘शेजारी’, मग प्रभातशी फारकत, १९४२ मध्ये मुंबईत परळला राजकमल कलामंदिर, ‘शकुंतला’, स्वतः नायक होऊन केलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, होनाजी बाळावरचा ‘अमर भूपाळी’. १९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ आला आणि रंगाची ती जुनी ठसठस एकदाची निवाली. टेक्निकलरमधल्या या नृत्यपटाने देशभर गर्दी खेचली. त्यात गोपीकृष्ण यांच्याबरोबर नाचल्या त्या संध्या. मूळच्या नर्तकी नसलेल्या या अभिनेत्रीने त्यासाठी रात्रंदिवस मेहनत घेतली.

बैलाची शिंगे आणि अंधार

यश एवढे मोठे मिळाल्यावर दुसऱ्या कोणी तसाच आणखी एक रंगीत नृत्यपट केला असता. शांतारामबापूंनी काळा-पांढरा चित्रपट हाती घेतला, तोही कैद्यांवरचा. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांना मोकळे ठेवून शेती करू देण्याचा प्रयोग झाला होता. त्या धाग्यावर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली. सहा खुनी कैदी, म्हणजे बारा हात, आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी, म्हणजे दोन डोळे. ‘दो आँखें बारह हाथ’ हे नाव असे आले. तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली. त्या सहा जणांना बांधून ठेवणारा साखळदंड म्हणजे या माणसाची नजर. ती समोर नसली तरी त्यांना दिसत राहते. पुन्हा डोळाच!

आणि याच चित्रपटाच्या वेळी त्यांचे डोळे जाण्याची वेळ आली. अधिकारी उधळलेल्या बैलाशी झुंजतो, असे एक दृश्य आहे. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेला हा माणूस ते दृश्य स्वतः करायला उभा राहिला. झटापटीत बैलाचा तडाखा बसला आणि डोळ्याला जबर दुखापत झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या गेल्या. दृष्टी परत येईल की नाही, याची खात्री नव्हती.

जरा थांबून त्या खोलीचा विचार करून पाहा. ज्याने आयुष्यभर दुसरे काही केलेच नाही, फक्त पाहिले आणि पाहिलेले दुसऱ्यांना दाखवले, असा माणूस काळोखात आडवा पडला आहे. स्टुडिओ आहे, कामगारांचे पगार आहेत, अर्धवट चित्रपट आहे. डोळेच गेले तर यातले काय उरणार? गायकाचा गळा जावा किंवा पैलवानाचे गुडघे जावेत, तसाच हा प्रसंग. चाचपडत जगण्याच्या विचाराने भल्याभल्यांचे मन खचले असते.

त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले. साधेसुधे नव्हेत, उघड्या डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते एवढे भडक, एकात एक मिसळणारे, हलणारे रंग. दृष्टी परत आली, पट्टी सुटली, ‘दो आँखें’ पुरा झाला, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवातही गाजला. पण ते रंग काही मनातून हलेनात. १९५९ साली त्यांचा चित्रपट झाला, तोच ‘नवरंग’. चित्रपटाच्या सुरुवातीला शांतारामबापू स्वतः पडद्यावर येतात आणि ही हकिकत प्रेक्षकांना सांगतात. घरी पाहुणा यावा आणि कथा सुरू करण्याआधी ती आपल्याला कशी सुचली ते सांगावे, इतका साधा हा प्रकार आहे.

आज डोळ्यांचे डॉक्टर याचे कारण समजावून देतात. डोळ्यांकडून येणारी माहिती बंद झाली तरी मेंदूतला पाहण्याचा विभाग काही सुटीवर जात नाही. काम मिळेना की तो आपल्या जवळचा माल काढून मांडतो. अंधारकोठडीत दिवसेंदिवस ठेवलेल्या माणसांनाही असे रंग आणि आकृती दिसतात, म्हणून या अनुभवाला शास्त्रज्ञांनी कैद्याचा सिनेमा असेच नाव दिले आहे. कैद्यांचा चित्रपट करताना शांतारामबापूंनी तो सिनेमा पाहावा, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. उतारवयात दृष्टी मंदावलेल्या माणसांना असेच रंग, जाळ्या, क्वचित माणसेही दिसतात. शार्ल बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या आजोबांच्या अनुभवावरून त्याची नोंद केली होती. डोके शाबूत असलेल्या माणसालाही हे होते, हे त्याने तेव्हाच ओळखले. आमच्या आजीला भ्रम वगैरे काही झालेला नव्हता, हे यावरून कळते. बिचारीला उगाच चार दिवस सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून जपले!

स्वप्न दिसते कसे?

पडद्यावरचे स्वप्न ओळखायला आपण फार लवकर शिकलो. धूर सोडला की स्वप्न. चित्र पाण्यासारखे थरथरले की स्वप्न. पांढऱ्या कपड्यांतली नायिका हळूहळू धावत आली की हमखास स्वप्न. याच पठडीतला, पण फार वरचा नमुना म्हणजे राज कपूर यांच्या ‘आवारा’तला १९५१ सालचा स्वप्नप्रसंग. ढगांत हरवणारे जिने, राक्षसी मूर्ती, आगीच्या ज्वाळा आणि त्यात अडकलेला नायक. त्याचे कलादिग्दर्शन एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराचे होते. नऊ-दहा मिनिटांच्या त्या प्रसंगाला जवळजवळ तीन महिने लागले, असे सांगतात. तिकडे हॉलिवूडमध्ये हिचकॉकने १९४५ सालच्या ‘स्पेलबाउंड’साठी थेट साल्वादोर दाली या चित्रकाराला बोलावले. स्वीडनच्या बर्गमनने १९५७ साली एका म्हाताऱ्या डॉक्टरचे स्वप्न दाखवले, त्यात रस्त्यावरच्या घड्याळाला काटेच नव्हते.

पण खऱ्या स्वप्नात धूर नसतो, ही त्यातली मेख आहे. स्वप्न चालू असताना ते आपल्याला अगदी खरे वाटते. आपण आपल्या स्वयंपाकघरातून निघतो आणि पुढच्या क्षणी शाळेच्या वर्गात असतो. मधला रस्ता कुठे गेला, हा प्रश्न पडत नाही. समोर उभी असलेली बाई आपली बहीण असते आणि त्याच वेळी ती बहीण नसते. गंमत अशी की सिनेमाकडे हे सगळे जन्मतःच आहे. एक दृश्य तोडून दुसरे जोडले की माणूस क्षणात मुंबईहून लंडनला पोहोचतो आणि कोणी तक्रार करीत नाही. झोपेचे शास्त्र पुढे गेले ते १९५३ साली, शिकागोच्या प्रयोगशाळेत झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींचा शोध लागला तेव्हा. अशा वेळी उठवलेली माणसे हटकून स्वप्ने सांगतात. म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळ्यांचा खेळ चालूच असतो.

रंगाचीही एक मजेची बाब आहे. १९४२ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा बहुतेकांनी स्वप्नात रंग क्वचित किंवा कधीच दिसत नाहीत असे सांगितले. रंगीत सिनेमा आणि रंगीत टीव्ही रुळल्यानंतरच्या पाहण्यांत हे चित्र पालटले. आपण सिनेमासारखी स्वप्ने पाहतो की सिनेमाच्या आठवणीने स्वप्ने सांगतो, हा वाद अजून संपलेला नाही.

दिवाकर, जमुना आणि मोहिनी

‘नवरंग’ची कथा साधी आहे. संस्थाने उतरणीला लागून इंग्रजांचा अंमल बसत असतानाचा काळ. दिवाकर हा गरीब कवी, ती भूमिका महिपाल यांनी केली. जमुना त्याची बायको, म्हणजे संध्या. जमुना घरकामात बुडालेली, साधी, सासऱ्यांपुढे पदर सावरणारी. कवीला ती तशी नको आहे. त्याला सजलेली, नाचणारी, त्याच्या काव्याला साद देणारी स्त्री हवी आहे. मग तो अशी स्त्री मनातच घडवतो आणि तिला मोहिनी हे नाव देतो. या मोहिनीला चेहरा असतो तो जमुनेचाच.

इथे शांतारामबापूंनी स्वप्नाचे मर्म अचूक पकडले आहे. स्वप्नाची खूण म्हणून ते केवळ धुरावर विसंबले नाहीत. त्यांनी तोच चेहरा ठेवला आणि भोवतालचे सगळे बदलले. गरिबाच्या घरातली बाई एका क्षणात दागिन्यांनी मढून रंगीत कारंज्यांमध्ये उभी राहते. होळीच्या नाचात तर एकच स्त्री दोघे होते. संध्याबाई डोक्याच्या मागे पुरुषाचा मुखवटा लावून नाचतात, गिरकी घेतली की पुरुष आणि पुन्हा गिरकी घेतली की स्त्री. त्या नाचात हत्तीसुद्धा ठेका धरतो. जागेपणी हे सगळे अशक्य, पण पाहताना खटकत नाही. सी. रामचंद्र यांचे संगीत, भरत व्यास यांची गीते, आशा भोसले यांचा आवाज आणि महेंद्र कपूर या त्या वेळी नव्या असलेल्या गायकाचा सूर, यांनी त्या रंगांना आवाज दिला.

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो हत्ती पाहून अजिंठा आठवावा, यात नवल नाही. तिथल्या दोन नंबरच्या लेण्यात बुद्धजन्माची चित्रे आहेत आणि त्यांत मायादेवीचे पांढऱ्या हत्तीचे स्वप्नही आहे. निजलेली राणी आणि तिला पडलेले स्वप्न, ही गोष्ट आपल्या चित्रकारांनी कॅमेरा जन्मण्याच्या कितीतरी शतके आधी भिंतीवर सांगितली होती. पणतीच्या उजेडात ती पाहणाऱ्यांना तेव्हा काय वाटले असेल?

‘नवरंग’चा खरा पेच मात्र नाचात नसून जमुनेत आहे. नवरा झोपेत-जागेपणी कोणा मोहिनीचे नाव घेतो, हे तिला कळते. तिच्या दृष्टीने ती सवतच. मोहिनी म्हणजे तूच, हे त्याने सांगून तिला पटत नाही आणि पटावे तरी का? ज्या रूपावर तो काव्ये करतो, ते रूप तिचे आहे, पण घरात चूल फुंकणाऱ्या तिच्याकडे त्याचे लक्ष नाही. ती घर सोडते आणि तिच्यामागोमाग कवीची वाणीही जाते. बायको गेल्यावर मोहिनीही येईनाशी होते. शेवटी जमुना परतते आणि मोहिनी आपणच हे तिला उमगते, तेव्हा कुठे त्याला गाणे सुचते. स्वप्नाला लागणारा माल जागेपणाच्या घरातूनच येतो, एवढे सरळ सत्य हा झगमगाटी चित्रपट सांगून जातो.

पण एक प्रश्न उरतोच. समजूत जमुनेचीच का पडावी? कवीने तिच्याकडे धड पाहिले असते, तर तिला घर सोडावे लागले असते का? आमच्या घरात हा चित्रपट टीव्हीवर लागला की बायकांच्या बाजूने हा सवाल हमखास यायचा आणि पुरुषमंडळी गाण्याचा आवाज मोठा करून तो टाळायची. शांतारामबापूंच्या स्वतःच्या आयुष्यातही याचे पडसाद सापडतात. पहिल्या पत्नी विमलबाई घर सांभाळून होत्या. ‘शकुंतला’ झालेल्या जयश्रीबाई दुसऱ्या पत्नी. त्यांच्याशी १९५६ मध्ये फारकत झाली आणि त्याच वर्षी संध्याबाईंशी विवाह झाला. ‘कुंकू’मध्ये नीरेची बाजू एवढ्या ताकदीने मांडणाऱ्या दिग्दर्शकाच्या घरातल्या स्त्रियांनी काय सोसले असेल, याचा विचार केल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही. आपल्या मनातल्या चित्रासाठी भोवतालच्या माणसांकडून बरेच काही मागून घेणारा हा माणूस होता. स्वतःच्या डोळ्यांचीही त्याने पर्वा केली नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पट्टी सुटल्यानंतर

‘नवरंग’नंतर रंगांचा हा सोस वाढत गेला. ‘सेहरा’ आणि ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ या चित्रपटांतली भडक दृश्ये अनेकांना बटबटीत वाटली, नव्या पिढीने त्यांची टिंगलही केली. टीका अगदीच चुकीची नव्हती. एकदा अंधारात दिसलेले रंग पुन्हा पुन्हा उजेडात आणायला गेले की ते विटतात. तरी १९७२ साली ‘पिंजरा’ने म्हाताऱ्या शांतारामबापूंचा दम दाखवून दिला. डॉ. श्रीराम लागू यांचा तमाशाच्या फडात रुतत जाणारा मास्तर म्हणजे जागेपणी पाहिलेले दुःस्वप्नच होते आणि त्यासाठी धूर सोडावा लागला नाही. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हुबळीच्या अंधाऱ्या थेटरात फाळक्यांचे चित्रपट पाहणाऱ्या पोराला फाळक्यांच्याच नावाचा सन्मान मिळाला. ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र त्यांनी मागे ठेवले. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा ते घ्यायला ते नव्हते.

पडेगाव आता महापालिकेच्या हद्दीत आहे. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या आल्या आहेत आणि झोपायला कोणी वर जात नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन करून माणूस त्याच दिवशी घरी येतो, पट्टीही दुसऱ्या दिवशी निघते. रांगोळ्या दिसण्याइतका काळोख आता कोणाच्या वाट्याला येत नाही, हे चांगलेच झाले. आजीची दृष्टी तेव्हा परत आली. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा काय पाहिले, असे आम्ही विचारले होते. तिने देव्हाऱ्याचे नाव घेतले नाही, नातवंडांचेही नाही. आपल्या हातांच्या सुरकुत्या दिसल्या असे तिने सांगितले आणि पदराने डोळे पुसले.

‘नवरंग’ पुन्हा कधी टीव्हीवर लागला, तर गाण्यांची वाट पाहत सुरुवात चुकवू नका. पडद्यावर येऊन आपल्याशी बोलणारा तो साठीकडे झुकलेला माणूस काही दिवसांपूर्वीच अंधारातून परत आलेला आहे. तिकडे काय दिसले, तेवढे सांगण्यासाठी त्याने एवढा खटाटोप केला आहे.